ग्रीस आणि तुर्कस्तान : सहा मैलांचं भांडण की शंभर वर्षांचं?

मधली आळी (धागाकर्ता)

२०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केटयार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं मागवणं थांबवलं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडउघड पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला, त्याचा राग. आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाला ग्रीसचा उमाळा आला. ग्रीक झेंडे काय, ‘आपला खरा मित्र’ काय. शत्रूचा शत्रू तो मित्र, विषय संपला.

विषय संपत नाही म्हणून हा धागा. ग्रीस आणि तुर्कस्तान एकमेकांशी नक्की कशावरून भांडतात, हे पाकिस्तानचा चष्मा उतरवून बघूया.

आधी नकाशा उघडा. एजियन समुद्राच्या एका बाजूला ग्रीसची मुख्य भूमी, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानचा पश्चिम किनारा आणि मधल्या पाण्यात हजारो बेटं नि खडक. दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली दोन बेटं आणि किनाऱ्यालगतची काही बारकी सोडली तर जवळजवळ सगळी ग्रीसची. लेस्बोस, खिओस, सामोस, कोस ही तर तुर्की किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सर्वात गंमत कास्तेलोरिझोची. जेमतेम ५०० वस्तीचं, ९ चौरस किलोमीटरचं हे ग्रीक बेट तुर्कस्तानच्या काश गावासमोर दोनेक किलोमीटरवर आहे. जवळचं मोठं ग्रीक बेट म्हणजे ऱ्होड्स, तेही सव्वाशे किलोमीटर लांब.

आता हिशेब. आज एजियनमध्ये दोघांची सागरी हद्द ६ सागरी मैल आहे. ग्रीसने ती १९३६ मध्ये ठरवली, तुर्कस्तानने १९६४ मध्ये. पण १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार देशाला १२ मैलांपर्यंत जाता येतं. ग्रीसने तो करार १९९५ मध्ये मंजूर केला. तुर्कस्तानने त्यावर सहीच केलेली नाही. ६ मैलांनी एजियनचा चाळीसेक टक्के भाग ग्रीसचा होतो. १२ केले की तोच आकडा सत्तरच्या वर जातो आणि एजियनकाठच्या तुर्की बंदरांतून भूमध्य समुद्रात जायला ग्रीक हद्द ओलांडण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून ८ जून १९९५ला तुर्की संसदेने ठराव केला की ग्रीसने एजियनमध्ये १२ मैल केले, तर सरकारला लष्करी उपायांसह सगळे अधिकार. मराठीत सांगायचं तर युद्ध. तो ठराव आजही मागे घेतलेला नाही. ग्रीसने जानेवारी २०२१ मध्ये १२ मैल केले, पण पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रात. तिथे समोर इटली आहे.

याखेरीज समुद्रतळावरचा हक्क, हवाई हद्द, बेटांवर सैन्य ठेवावं की नाही, सायप्रस (ग्रीक आणि तुर्की दोन्ही समाज असलेलं भूमध्यातलं बेट), दोन्हीकडचे अल्पसंख्य. यादी मोठी आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे झोडपायला सोपं. ही दुश्मनी ‘हजारो वर्षांची’ वगैरे काही नाही. हे भांडण विसाव्या शतकातल्या दोन-तीन कागदांतून आलेलं आहे, आणि ते मिटत नाही कारण न मिटण्याची किंमत दोन्ही सरकारांना आजवर परवडत आली आहे. सायप्रस हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, इथे येईल तेवढाच येऊ द्या.

शून्य प्रहर

वाचतोय. कास्तेलोरिझो नकाशात शोधायला दोनदा झूम करावं लागलं. या ठिपक्यासाठी एवढं?

मधली आळी

@शून्य प्रहर, ठिपक्यासाठी नाही, ठिपक्याभोवतीच्या पाण्यासाठी. बेटाला स्वतःचं आर्थिक क्षेत्र (म्हणजे मासे, तेल-वायू यांच्यावर त्या देशाचा हक्क असलेलं पाणी) आहे असं धरलं तर त्या पाचशे लोकांच्या नावावर भूमध्य समुद्राचा प्रचंड तुकडा ग्रीसकडे येतो आणि तुर्कस्तानचं दक्षिणेकडचं पाणी आक्रसतं. तुर्कस्तान म्हणतो, एवढ्याशा बेटाला एवढा समुद्र देणं न्यायाचं नाही. ग्रीस म्हणतो, कायद्यात बेट म्हणजे बेट.

पाटा वरवंटा

दोघंही नाटोत आहेत ना? मग एकमेकांवर तोफा कसल्या रोखतात? सगळा देखावा वाटतो.

तांडेल

देखावा म्हणावा तर माणसं मेलेली आहेत त्यात. दोघंही एकाच दिवशी, १८ फेब्रुवारी १९५२ला नाटोत आले हे मात्र खरं.

मी व्यापारी जहाजावर डेक ऑफिसर. दार्दानेल्सकडे जाताना एजियन पार करावाच लागतो. तिथे हे भांडण वर्तमानपत्रात नाही, ब्रिजवरच्या नॅवटेक्सवर वाचायला मिळतं. नॅवटेक्स म्हणजे किनाऱ्यावरून जहाजांना येणाऱ्या लेखी सूचना : वादळ, बंद पडलेला दिवा, तोफगोळ्यांचा सराव. तणावाच्या दिवसांत अंताल्याचं तुर्की स्टेशन सांगतं, अमुक अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात सर्वेक्षण जहाज काम करणार आहे, लांब राहा. मागोमाग इराक्लिओचं ग्रीक स्टेशन सांगतं, त्या स्टेशनला या भागात सूचना काढायचा अधिकारच नाही, ती सूचना अवैध समजा. मग तुर्कस्तानचं उत्तर. तापमान, वाऱ्याचा वेग आणि सार्वभौमत्व, सगळं एकाच यंत्रातून.

आम्ही काय करतो? दोन्ही नोंदवतो आणि चौकोनाला वळसा घालून जातो. कोण बरोबर हा प्रश्न कॅप्टनच्या पगारात बसत नाही, पण सर्वेक्षण जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब केबल ओढत आणलेली असते, ती तुटली तर ते नक्की त्याच्या पगारात बसतं.

२०२०चा उन्हाळा सर्वात वाईट. ओरुच रेइस नावाचं तुर्की सर्वेक्षण जहाज कास्तेलोरिझोच्या दक्षिणेला निघालं, सोबत युद्धनौका. ग्रीक नौदल मागावर. १२ ऑगस्टला ग्रीक फ्रिगेट लिम्नोस आणि तुर्की फ्रिगेट केमाल रेइस यांची प्रत्यक्ष टक्कर झाली. कुणी दगावलं नाही हे नशीब.

आकाशातला घोळ अजून विचित्र. ग्रीसची सागरी हद्द ६ मैल, पण हवाई हद्द १० मैल, १९३१च्या एका फर्मानानुसार. जगात असा प्रकार दुसरा नाही. तुर्कस्तान फक्त ६ मानतो, म्हणून मधल्या चार मैलांच्या पट्ट्यात त्यांची विमानं मुद्दाम येतात आणि ग्रीक विमानं त्यांना हुसकायला उडतात. २३ मे २००६ला कार्पाथोस बेटाजवळ असंच करताना दोन एफ-१६ एकमेकांवर आदळली. ग्रीक वैमानिक गेला. तुर्की वैमानिकाला समुद्रातून उचललं ते एका व्यापारी जहाजाने.

आणि १९७४ मध्ये तर तुर्कस्तानने फर्मान काढलं की एजियनच्या मध्यरेषेपाशी आलेल्या प्रत्येक विमानाने आम्हाला कळवावं. ग्रीसने प्रत्युत्तर म्हणून ते आकाशच धोकादायक जाहीर केलं. फेब्रुवारी १९८० पर्यंत एजियनवरून दोन देशांमधली थेट प्रवासी विमानं बंद होती. जवळजवळ साडेपाच वर्षं.

पाटा वरवंटा

ठीक, देखावा शब्द मागे. पण ६ मैल समुद्र नि १० मैल आकाश हा ग्रीसचा आगाऊपणाच म्हणायचा.

तांडेल

कायद्याने पाहिलं तर तिथे ग्रीसची बाजू लंगडी आहे, हो. त्यांच्या मित्रदेशांतही सगळे ते १० मैल मानत नाहीत. पण तुर्की लढाऊ विमानं नुसती त्या पट्ट्यातच थांबत नसत, वस्ती असलेल्या बेटांवरूनही जात. तेव्हा आगाऊपणाची वाटणी समान करा.

गवती चहा

धागा आवडला, पण धागाकर्त्याने सगळं मैलांत मोजलं आहे. मी नोकरीमुळे काही वर्षं अथेन्समध्ये राहते. इथे तुर्कस्तानचा विषय निघाला की कुणी सागरी मैलांवर बोलत नाही, १९२२ वर बोलतात. इथे त्याला नुसतं ‘महासंकट’ म्हणतात. कसलं ते सांगावं लागत नाही.

थोडक्यात असं झालं. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरलं. १५ मे १९१९ला दोस्तांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मिर्नात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये उतरलं. किनारपट्टीवर लाखो ग्रीक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पण ग्रीक सैन्य तिथे थांबलं नाही, पार अंकाराच्या दिशेने आत घुसलं. मुस्तफा केमालच्या, म्हणजे पुढच्या आतातुर्कांच्या, सैन्याने त्यांना परतवलं. माघारी येताना ग्रीक सैन्याने मनिसा, अलाशेहिरसारखी गावं जाळली. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्य इझमीरमध्ये शिरलं आणि चार दिवसांत ग्रीक आणि अर्मेनियन वस्त्या पेटल्या. धक्क्यावर लाखो माणसं, समोर दोस्तांच्या युद्धनौका उभ्या. तुर्क ९ सप्टेंबर हा इझमीरचा मुक्तिदिन म्हणून साजरा करतात. ग्रीसमध्ये त्याच आठवड्यात सुतक.

मग ३० जानेवारी १९२३ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये दोन सरकारांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारावर सह्या केल्या. सक्तीची अदलाबदल, नको म्हणायची सोय नाही, परत यायची तर नाहीच. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसकडे आले, त्यातले बहुतेक कराराआधीच जीव घेऊन पळालेले. ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे गेले. ही कल्पना पुढे रेटणाऱ्यांत निर्वासितांसाठी काम करणारे नॉर्वेचे फ्रिट्योफ नान्सेन होते. त्यांना आदल्याच वर्षीचा शांततेचा नोबेल मिळाला होता.

निकष काय? भाषा नाही, वंश नाही. धर्म. त्यामुळे मध्य तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियातले, घरात तुर्कीच बोलणारे ख्रिश्चन ‘ग्रीक’ ठरून ग्रीसमध्ये आले. ते तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. इथल्या लोकांनी त्यांना ‘तुर्कांचं बी’ म्हणून हिणवलं. तिकडे क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांना ग्रीकशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती, ते आयवालिकच्या किनाऱ्यावर उतरवले गेले आणि त्यांना ‘अर्धे काफिर’ हे नाव मिळालं. आयवालिकसमोरच्या जुंदा बेटावर म्हाताऱ्या माणसांकडून क्रीटची ग्रीक बोली अगदी अलीकडेपर्यंत ऐकू यायची.

१९२८च्या जनगणनेत ग्रीसमध्ये दर पाच माणसांत एक निर्वासित होता. अथेन्सच्या उपनगरांची नावं बघा : नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया. नवं स्मिर्ना, नवं अमुक, नवं तमुक. एईके हा इथला मोठा फुटबॉल क्लब, त्याच्या नावातला ‘के’ कॉन्स्टँटिनोपलचा. इस्तंबूलहून आलेल्यांनी १९२४ मध्ये काढला, म्हणून छातीवर बायझंटाइन दुतोंडी गरुड.

आणि तरीही. १९३० मध्ये, म्हणजे आठच वर्षांत, ग्रीक पंतप्रधान वेनिझेलोस अंकाराला गेले, केमालना भेटले, मैत्रीचा करार झाला. दोन्हीकडच्या सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे जवळजवळ एकमेकांत वळते करून टाकले. सरकारं मोकळी झाली, माणसांच्या हातात मात्र फारसं काही पडलं नाही. १९३४ मध्ये वेनिझेलोसनी आतातुर्कांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. ज्याने आपल्या सैन्याला समुद्रात ढकललं त्याचं! म्हणून धागाकर्त्याचं ‘हजारो वर्षांची दुश्मनी नाही’ हे पटतं. पण ‘परवडतं’ हा शब्द जरा जपून. आजीच्या घराची किल्ली जपणाऱ्या माणसाला काय परवडतं ते अथेन्सचं किंवा अंकाराचं सरकार ठरवतं.

दहीकाला

जबरदस्त प्रतिसाद, गवती चहा. वेगळा लेख होऊ शकतो याचा.

कोरा कागद

या अदलाबदलीचा आपल्याशी सरळ संबंध आहे, आणि तो पाकिस्तानच्या चष्म्यातून नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ लिहिलं, त्यात फाळणी झालीच तर लोकसंख्येची अदलाबदल करावी असं सुचवताना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा दाखला दिला. अल्पसंख्याकांसाठी कागदी हमीपत्रं किती पोकळ ठरतात याचा त्यांना पुरता अनुभव होता. म्हणजे लोझानमधली सही सतरा वर्षांनी मुंबईत वाचली जात होती.

त्याआधीचा दुवा खिलाफतीचा. ग्रीक सैन्य स्मिर्नात उतरल्याचा संताप हिंदुस्थानातल्या मुसलमानांत पसरला, आणि चळवळीचं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत होतं. भायखळ्याचं खिलाफत हाउस आजही उभं आहे. अंगोरा (म्हणजे अंकारा) फंड म्हणून इथून पैसा गेला. त्यातला काही आतातुर्कांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या इश बँकेच्या भांडवलात लागला. आणि ज्या खिलाफतीसाठी इथे रान उठलं होतं ती ३ मार्च १९२४ला अंकाराच्याच संसदेने बरखास्त केली. इथल्या लोकांची काय अवस्था झाली असेल!

पाटा वरवंटा

@कोरा कागद, मग आंबेडकर बरोबरच होते की. एकदाच त्रास झाला, पण त्यानंतर दोन देशांत दंगली नाहीत.

गवती चहा

@पाटा वरवंटा, दंगली झाल्या, कारण अदलाबदल पूर्ण झालीच नाही. इस्तंबूलचे ग्रीक, तुर्कस्तानच्या इम्ब्रोस आणि टेनेडोस या दोन बेटांवरचे ग्रीक आणि ग्रीसच्या वेस्टर्न थ्रेसमधले मुसलमान यांना करारात सूट होती. पुढची पन्नास वर्षं दोन्ही सरकारांनी त्यांना ओलीस धरल्यासारखं वागवलं.

६-७ सप्टेंबर १९५५. ग्रीसमधल्या सालोनिकातल्या आतातुर्कांच्या जन्मघराच्या आवारात बॉम्ब फुटल्याची बातमी इस्तंबूलमध्ये पसरली. तो बॉम्ब तुर्की बाजूच्याच माणसांनी ठेवला होता हे नंतर उघड झालं. पण त्या एका रात्रीत ग्रीकांची हजारो दुकानं, घरं, चर्चेस फुटली. १९६४ मध्ये सायप्रसचा राग म्हणून इस्तंबूलमधल्या ग्रीक नागरिकत्वाच्या लोकांना हाकललं, बरोबर एक बॅग आणि किरकोळ पैसे. १९२३ मध्ये लाखाच्या घरात असलेला तो समाज आज दोन-तीन हजारांवर आला आहे. इस्तंबूलजवळच्या हाल्की बेटावरचं ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मविद्यालय १९७१ पासून बंद.

ग्रीस काही धुतल्या तांदळासारखा नाही. थ्रेसमध्ये लाखभर मुसलमान आहेत. त्यांच्यापैकी कुणी परदेशी गेला आणि ‘परत यायचा इरादा नाही’ असं अधिकाऱ्याला वाटलं, की नागरिकत्व कायद्याच्या कलम १९ खाली त्याचं नागरिकत्व काढून घेत. हजारो लोकांचं गेलं. कलम रद्द झालं १९९८ मध्ये. त्यांचे मुफ्ती कोणी नेमायचे, सरकारने की समाजाने, हा वाद अजून चालू आहे. आणि आपल्याकडच्या समान नागरी कायद्याच्या चर्चेत कुणी हे का आणत नाही कळत नाही : लोझानच्या नावाखाली थ्रेसमधल्या मुसलमानांच्या वारसाहक्काला शरियत लावली जात असे. युरोपियन युनियनमध्ये! एका विधवेने तक्रार केली. नवऱ्याने तिच्या नावे रीतसर ग्रीक मृत्युपत्र केलं होतं, ते कोर्टाने मानलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ग्रीसला दोषी धरलं. त्याच वर्षी ग्रीसने कायदा बदलून शरियत ऐच्छिक केली.

शून्य प्रहर

हे काहीच माहीत नव्हतं. मुफ्ती आणि लोझान एका वाक्यात येतील असं स्वप्नातही नाही.

सातबारा

कोर्टकचेरीवाल्याचे चार शब्द. वाचता वाचता सारखा बांधाचा वाद आठवत होता. आमच्याकडे दोन भाऊबंद बांधावरून तीन पिढ्या भांडतात, पण निदान मोजणी मागवता येते, तालुक्याला दावा लावता येतो, समोरचा आला नाही तरी एकतर्फी निकाल होतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयात मुळात समोरच्याची संमती लागते.

१९७६ मध्ये तुर्कस्तानचं सर्वेक्षण जहाज एजियनमध्ये फिरलं तेव्हा ग्रीस हेगला गेला. १९ डिसेंबर १९७८ला न्यायालयाने सांगितलं, आम्हाला अधिकारक्षेत्रच नाही. संपलं. तेव्हापासून ग्रीसचं म्हणणं : वाद एकच आहे, समुद्रतळ आणि आर्थिक क्षेत्राच्या सीमेचा, तो हेगला नेऊ. तुर्कस्तानचं म्हणणं : वाद एक नाही, पाच-सहा आहेत, सगळ्यांवर आधी बसून बोलू. ग्रीस म्हणतो, बेटांच्या मालकीवर किंवा तिथल्या सैन्यावर चर्चा म्हणजे आमच्या घरावरच चर्चा. म्हणजे निवाड्याच्या आधी ‘वाद कशाचा’ यावरच वाद. वकिलांसाठी स्वर्ग.

सैन्याच्या मुद्द्यावर तुर्कस्तानकडे कागद आहे हे मान्य करायला हवं. लेस्बोस, खिओस, सामोस, इकारिया यांच्यावर १९२३च्याच लोझानच्या शांतता कराराने लष्करी मर्यादा घातल्या आहेत. डोडेकनीज बेटं (ऱ्होड्स, कोस वगैरे) १९४७च्या पॅरिस करारात निःशस्त्रीकरणाच्या अटीवर इटलीकडून ग्रीसला मिळाली. ग्रीसचं उत्तर दोन भागांत येतं. एक, पॅरिस करारात तुर्कस्तान पक्षकारच नाही, त्याने बोलू नये. दोन, १९७४ मध्ये तुम्ही सायप्रसमध्ये सैन्य उतरवलंत, १९७५ मध्ये आमच्या बेटांसमोर इझमीरला चौथं सैन्यदल उभं केलंत, आणि वर संसदेचा युद्धाचा ठराव. मग आम्ही बेटं मोकळी ठेवायची? स्वसंरक्षणाचा हक्क कुठल्याही करारापेक्षा मोठा. माझ्या मते पहिलं उत्तर मजबूत, दुसरं राजकीय.

आणि इमिया. तुर्क त्याला कारदाक म्हणतात. दोन निर्मनुष्य खडक, वर शेळ्या. डिसेंबर १९९५ मध्ये एक तुर्की मालवाहू जहाज तिथे अडकलं आणि ते ओढून काढायचं काम कोणाच्या टगबोटीचं यावरून सुरुवात झाली. कालिम्नोसच्या महापौराने ग्रीक झेंडा लावला. ‘हुर्रियत’ या तुर्की वर्तमानपत्राचे पत्रकार हेलिकॉप्टरने जाऊन तो काढून तुर्की लावून आले. मग दोन्हीकडचे कमांडो. ३१ जानेवारी १९९६च्या पहाटे ग्रीक हेलिकॉप्टर पडून तीन अधिकारी गेले. शेवटी अमेरिकेने रात्रभर फोन करून दोघांना मागे घेतलं. तोडगा काय निघाला? जहाजं नाहीत, माणसं नाहीत, झेंडे नाहीत. खडक कुणाचे ते आजही ठरलेलं नाही.

दहीकाला

शेळ्या कुणाच्या होत्या ते तरी ठरलं का? 😀

अवांतर : बकलावा, दोलमा, काकडी-दह्याची कोशिंबीर, कॉफी, सगळं तेच. भांडण खाण्याचं असतं तर केव्हाच मिटलं असतं. किंवा अजिबात नसतं मिटलं.

कोरा कागद

सायप्रसला स्वतंत्र धागा हवा हे मान्य, पण एक भारतीय नोंद इथेच. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख असताना जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. आणि जुलै १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं तेव्हा शांतिसेनेचे प्रमुख होते मेजर जनरल प्रेमचंद. राजधानी निकोसियाच्या विमानतळासाठी दोन्ही बाजू झुंजत असताना त्यांनी तो संयुक्त राष्ट्रांचं संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करून ताब्यात घेतला. तो आजही बंद आणि संयुक्त राष्ट्रांच्याच ताब्यात आहे.

मधली आळी

सगळ्यांचे आभार, धागा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. @गवती चहा, ‘परवडतं’ वर बोलतो.

माझं म्हणणं सरकारांबद्दल होतं, आणि पुरावा म्हणून १९९९ बघा. फेब्रुवारीत कुर्द नेता ओजलान नैरोबीत पकडला गेला, तोही ग्रीक राजदूतावासात आसरा घेऊन बाहेर पडल्यावर. दोन देशांत याहून वाईट संबंध असू शकत नाहीत असं वाटत होतं. १७ ऑगस्टला इझमितचा भूकंप, १७ हजारांवर मृत्यू. ग्रीक बचावपथकं तातडीने पोचली. ७ सप्टेंबरला अथेन्समध्ये भूकंप, १४३ मृत्यू. तुर्की पथक ढिगारे उपसायला हजर. डिसेंबरमध्ये हेलसिंकीत ग्रीसने अडवणूक सोडली आणि तुर्कस्तान युरोपियन युनियनचा अधिकृत उमेदवार झाला. दहा महिन्यांत!

पण लोक म्हणतात तसं हे भूकंपाने झालं नाही. ग्रीसचे पापांद्रेऊ आणि तुर्कस्तानचे इस्माईल जेम हे दोन परराष्ट्रमंत्री भूकंपाच्या आधीच, कोसोवोच्या युद्धाच्या काळात बोलायला लागले होते. भूकंपाने त्यांना जनतेचा पाठिंबा मिळवून दिला. म्हणजे ठरवलं तर जमतं.

२०२३ मध्ये तेच पुन्हा. मे २०२२ मध्ये तुर्की अध्यक्ष एर्दोआन ग्रीक पंतप्रधानांबद्दल म्हणाले होते की माझ्यासाठी मित्सोताकिस नावाचा माणूस उरलेला नाही. ‘एखाद्या रात्री अचानक येऊ’ हेही त्याच वर्षीचं. फेब्रुवारी २०२३च्या तुर्कस्तानातल्या भूकंपात ग्रीक पथकं सर्वात आधी पोचलेल्यांत होती. आपली मदत मोहीम ऑपरेशन दोस्त त्याच वेळची. मे-जूनमध्ये दोन्ही देशांत निवडणुका झाल्या, दोघंही पुन्हा निवडून आले, आणि ७ डिसेंबरला अथेन्समध्ये मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या. निवडणुकीआधी गर्जना, नंतर हस्तांदोलन.

पाटा वरवंटा

याच्याशी मात्र सहमत. पण परवडतं म्हणजे कुणाला? ग्रीस दिवाळखोरीत असतानाही लष्करावर खर्च करत होता. नाटोत उत्पन्नाच्या प्रमाणात सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत तो कायम असतो, पोरांना सक्तीची लष्करी सेवा, वर २४ राफेल. एक कोटीच्या देशाला हे परवडतं?

मधली आळी

@पाटा वरवंटा, पैशात नाही परवडत, बरोबर. राजकारणात परवडतं. तोडगा म्हणजे काहीतरी सोडणं. ज्या ग्रीक पंतप्रधानाने कास्तेलोरिझोचं पाणी निम्म्यावर आणलं किंवा ज्या तुर्की अध्यक्षाने १२ मैल मान्य केले, तो दुसऱ्या दिवशी ‘देश विकला’ या आरोपाखाली घरी. त्यापेक्षा कर्ज काढून विमानं घेणं सोपं.

तांडेल

आणि जाहीरनाम्याने पाण्यावर फारसं काही बदललं नाही. सही होऊन आठ महिनेही झाले नव्हते. जुलै २०२४ मध्ये क्रीट ते सायप्रस वीजवाहक केबलच्या मार्गाचं सर्वेक्षण करायला एक इटालियन जहाज कासोस बेटाजवळ आलं, तर समोर तुर्की युद्धनौका. त्यांचं म्हणणं, हा आमचा समुद्रतळ, आमची परवानगी घ्या. याचा आधार म्हणजे तुर्कस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये लिबियाच्या त्रिपोली सरकारशी केलेला सीमाकरार. त्यात क्रीट, कासोस, कार्पाथोस ही बेटं जणू समुद्रात नाहीतच असं धरून रेषा ओढली आहे. ग्रीसने उत्तर म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये इजिप्तशी करार केला. आता नकाशावर दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि केबल त्यांच्या बरोबर मध्ये. फरक एवढाच की या वेळी फोन लगेच उचलले गेले.

दहीकाला

गंभीर चर्चेत प्रापंचिक प्रश्न. उन्हाळ्यात तुर्कस्तानला जायचं मनात होतं, बहिष्कारामुळे घरात दोन तट पडलेत. इझमीरकडून एखादं ग्रीक बेट करून येता येतं का? तुर्कांना म्हणे व्हिसा लागत नाही.

गवती चहा

@दहीकाला, लागतो, पण तुर्की नागरिकांना २०२४ पासून ठरावीक बेटांवर उतरल्यावर सात दिवसांचा झटपट व्हिसा मिळतो. लेस्बोस, खिओस, सामोस, कोस, ऱ्होड्स वगैरे. कास्तेलोरिझोसुद्धा त्यात आहे. बेटांवरचे दुकानदार यावर बेहद्द खूश आहेत. युरोपियन पर्यटक ऑक्टोबरात गायब होतात, समोरच्या किनाऱ्यावरचे तुर्क हिवाळ्यातही शनिवार-रविवार येतात. लेस्बोसच्या मितिलिनी बंदराजवळच्या खानावळींत तुर्की मेन्यूकार्ड ठेवलेलं असतं.

आपल्याला ही सवलत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा आधीच काढून जावं लागेल, आणि वैध शेंगेन असला तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. चेश्मे ते खिओस किंवा आयवालिक ते लेस्बोस ही फेरी घ्या, अंतर थोडं आहे. एकच काळजी : ग्रीसमध्ये उतरून, तिथून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमधून परतीचं विमान पकडणार असाल, तर शेंगेनवर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना ते तपासून घ्या. बहिष्काराचं तुमच्या घरात ठरवा.